पहिल्या खुणेला दहा गुण

दातांच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत एक बाई बसली होती. वेळ जाईना म्हणून तिनं तिथलं एक मासिक चाळायला घेतलं. त्यात छापलेलं एक पत्र तिच्या वाचनात आलं, आणि त्या पत्रामुळे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या माझं आयुष्य बदललं. मी कोण?

तुम्हाला आलं असेल तर दहा गुण. नसेल आलं तर थोडा दम धरा. मला हे पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते आणि उत्तर आलं नाही म्हणून रुसून अंगणात जाऊन बसले होते.

मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं वाईला आत्याकडे जमायचो. दिवसभर कृष्णेच्या घाटावर, आणि रात्री वीज गेली की (आणि ती जायचीच) आत्या कंदिलाची काच पुसून तो ओसरीच्या मधोमध ठेवायची. मग फडताळातून बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा निघायचा. त्यात चिठ्ठ्या. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका, कॅलेंडरची मागची पानं, जे पाठकोरं मिळेल ते. आत्या प्राथमिक शाळेत शिकवायची, त्यामुळे अक्षर मोत्यासारखं आणि कागद वाया घालवायला ठाम विरोध.

एका चिठ्ठीवर एका माणसाच्या दहा खुणा. वरची सगळ्यात अवघड, खालची शेंबडं पोरही सांगेल अशी. पहिल्या खुणेला ओळखलं तर दहा गुण, दुसरीला नऊ, असं उतरत दहावीला एक. उत्तर मात्र एकदाच द्यायचं. चुकलं की त्या चिठ्ठीपुरते बाद. सगळी गंमत या एका नियमात होती. चौथ्या खुणेला जवळजवळ खात्री झालेली असते, सातच गुण मिळणार असतात, पण बोलावं की आणखी एक खूण ऐकावी? आमचा एक आतेभाऊ आयुष्यभर पाचव्या खुणेला घाई करून बाद होत आला आहे. शेअर बाजारातही त्याचं तेच झालं, पण तो विषय वेगळा.

आत्याच्या खुणा कुठून यायच्या? वाईत राहण्याचा हा एक फायदा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांनी मराठी विश्वकोशाचा संसार तिथेच मांडलेला. आपल्या गावात अख्ख्या जगाची माहिती अकारविल्हे लावली जाते आहे, याचं आत्याला भारी अप्रूप. वाचनालयातून ती विश्वकोशाचे खंड आणायची, सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांच्या चरित्रकोशाचे प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तिन्ही भाग तिनं चाळले होते. शिवाय रविवारच्या पुरवण्या, पोस्टाची तिकिटं, दिवाळी अंक. वाचताना शिसपेन्सिल हातात. समासात छोटी फुली केली की समजायचं, खूण सापडली.

फुली कशावर पडायची, हे मला फार उशिरा कळलं. चरित्रात जिथे लेखक उंच आवाजात बोलतो तिथे आत्याची फुली कधीच नसायची. थोर, महान, द्रष्टे, आद्य, अजरामर हे शब्द खेळात वर्ज्य. "ते जयंतीच्या फलकावर लिहायचे शब्द," ती म्हणायची, "कुणाच्याही अंगावर बसतात. भाड्याचा कोट." खरंच करून बघा. थोर समाजसुधारक, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलं, समाजाचा रोष पत्करला. सांगा कोण? जोतीराव? सावित्रीबाई? आगरकर? रमाबाई? कर्वे? सगळ्यांना बसतं, म्हणजे कुणालाच नीट बसत नाही. उलट, पुण्यात प्लेगची साथ असताना एका आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं आणि त्याच साथीत मी गेले, असं म्हटलं की १८९७ सालच्या सावित्रीबाईंखेरीज दुसरं कुणीही डोळ्यांसमोर येत नाही.

दुसरा नियम असा की ज्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत पण ज्यांची हमी कुणी देत नाही, त्या चालायच्या नाहीत. म्हणजे टिळक आले तरी शेंगा आणि टरफलं बाहेर. आम्ही भांडायचो, कारण आम्हाला टिळक टरफलांवरूनच माहीत. तिच्या चिठ्ठीतले टिळक वेगळे होते. मृगनक्षत्राच्या आधारानं वेदांचं वय काढणारे. आणि मंडालेच्या तुरुंगात एक जाडजूड ग्रंथ शिसपेन्सिलीनं लिहिणारे. गीतारहस्याचं ते हस्तलिखित पेन्सिलीचं आहे, हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा टिळक हा हाताला शिसं लागलेला माणूस वाटला. तोवर ते पगडी घातलेलं तैलचित्र होते.

बाबासाहेबांची चिठ्ठी अशीच. पहिली खूण: मी उतारवयाकडे झुकताना व्हायोलिन शिकायला लागलो. कोणी ओळखणार? संविधान, कोलंबिया विद्यापीठ, चवदार तळं हे सगळं खाली आठव्या-नवव्या जागी. वर नुसता एक दमलेला माणूस, हनुवटीखाली व्हायोलिन धरून बसलेला. उत्तर कळल्यावर ओसरीवर कुणी काही बोललं नाही. कंदिलाभोवती किडे फिरत होते तेवढाच आवाज.

संतांच्या बाबतीत आमची पंचाईत नसायची, कारण त्यांनी उत्तर आधीच देऊन ठेवलेलं. अभंगाचा शेवटचा चरण म्हणजे दहावी खूणच. तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे, सेना म्हणे, म्हणे दासी जनी. आत्या शेवटचा चरण गिळून बाकीचा अभंग वाचायची आणि आम्ही ओळखायचो. नाथ मात्र चकवायचे. "एका जनार्दनी" ऐकून जनार्दन नावाच्या संताला सात गुण देऊन टाकणारी मीच. त्यांनी स्वतःचं नाव गुरूच्या नावाशेजारी इतकं खेटून ठेवलं आहे की अनोळखी माणसाला कोण कुठला ते कळू नये. नामदेवांची पहिली खूण मात्र अभंगातली नव्हती: माझी ६१ पदं शिखांच्या ग्रंथात आहेत. पंढरपूरचा हा शिंपी पंजाबात घुमानपर्यंत पोचला होता, हे मला गुरू ग्रंथसाहिबाच्या वाटेनं कळलं. शाळेच्या पुस्तकात तेव्हा देवळाच्या पायरीच्या पुढे तो सरकला नव्हता. आणि 'बहिणाबाई' म्हणून कधीही पटकन उत्तर द्यायचं नाही, हा तर ओसरीवरचा अलिखित कायदा. एक तुकोबांची शिष्या, शिऊरची. दुसरी असोद्याची, अक्षरओळख नसलेली, जिच्या ओव्या तिच्या माघारी १९५२ साली पुस्तक होऊन आल्या. मधे जवळजवळ अडीचशे वर्षं. आत्या दोघींच्या चिठ्ठ्या मुद्दाम एकीखाली एक ठेवायची.

गंमत अशी की संतांनी ज्या ओळीत नाव सांगितलं, त्याच ओळीपासून पुढे आमच्या कवींना नाव लपवायची हौस लागली. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी, माधव ज्यूलियन, बी, अनिल, आरती प्रभू, ग्रेस. मराठी कवितेचा इतिहास म्हणजे निम्मा ओळखा-पाहूचा खेळ आहे. त्यात माझी लाडकी चिठ्ठी ही: जन्माला आलो गजानन म्हणून, दत्तक जाऊन झालो विष्णू, लिहिलं बहिणीचा थोरला भाऊ या नावानं, आणि एका चित्रपटात काम केलं ते धाकट्या भावाचं. धाकटा भाऊ म्हणजे लक्ष्मण, चित्रपट 'सती सुलोचना', आणि कवी अर्थातच ज्याच्या वाढदिवशी, २७ फेब्रुवारीला, आपण एकमेकांना भाषेचे संदेश पाठवतो तो. कुसुम नावाच्या बहिणीचा अग्रज. शिरवाडकर लक्ष्मणाच्या मुकुटात कसे दिसत असतील याची कल्पना करत मी कितीतरी वेळ जागी होते.

चित्रपटावरून आठवलं. "मी एकाच चित्रपटात राम झालो आणि सीताही झालो." या चिठ्ठीवर आमच्या पिढीतला एकही जण पाच गुणांच्या वर गेला नाही. आम्ही सगळे नाटकात शोधत होतो, बालगंधर्वांपाशी घुटमळत होतो. उत्तर होतं अण्णा साळुंके. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढायला घेतला तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारा हा नाजूक हातांचा पोरगा त्यांच्या नजरेत भरला. १९१३ साली तो तारामती झाला आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम-सीता दोन्ही. म्हणजे विरहात तो स्वतःसाठीच झुरत होता.

आता माझ्या फजितीची गोष्ट सांगते, कारण खूण म्हणजे काय हे मला आत्याच्या ओसरीवर कळलं नाही, तिथे कळलं.

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वाचनालयानं वर्धापनदिनाला 'मी कोण?' ठेवलं होतं. खुणा काढायचं काम माझ्याकडे. मी आत्याची भाची, मला काय कठीण? मुलांचे सहा गट, पालक खुर्च्यांवर, मागे आजी-आजोबांची रांग. तिसऱ्या चिठ्ठीला मी वाचलं: मी गणिताचा प्राध्यापक होतो. मग: बायकांच्या प्रश्नावर काम केलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला. मग: माझं आडनाव पुण्यातल्या एका मोठ्या रस्त्याला आहे. एका गटातली चष्मेवाली मुलगी ताडकन उठली, "र. धों. कर्वे!" माझ्या चिठ्ठीवर धोंडो केशव. मी म्हटलं, "चूक. बाद." ती मुलगी खाली बसली आणि मागच्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या मुलीचं काय चुकलं तेवढं सांगा."

आणि मला सांगता येईना. गणित? धोंडो केशव १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, आणि त्यांचा मुलगा रघुनाथ मुंबईत गणित शिकवायचा. बायकांचा प्रश्न? बापानं विधवांसाठी आश्रम काढला, मुलानं संततिनियमनाचं केंद्र. रोष? बापाच्या वाट्यालाही, मुलाच्या वाट्यालाही. आडनाव तर एकच. माझ्या तिन्ही खुणा दोघांना अंगासरशी बसत होत्या. आणि त्यातली सगळ्यात पोकळ खूण कोणती, तर "समाजाचा रोष". आत्याचा भाड्याचा कोट मी घरून इस्त्री करून आणला होता.

कारण रोष सारखा नव्हताच. धोंडोपंतांनी १८९३ साली गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं तेव्हा मुरुडनं, त्यांच्या स्वतःच्या गावानं, त्यांना वाळीत टाकलं. ही एक गोष्ट. रघुनाथरावांना कॉलेजची नोकरी सोडावी लागली, 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक १९२७ पासून मरेपर्यंत पदरमोड करून चालवताना त्यांच्यावर खटले झाले, आणि त्यातल्या एका खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. आंबेडकर. ही अगदी दुसरी गोष्ट. बापाला लोकांनी पुढे महर्षी म्हटलं, शंभराव्या वर्षात भारतरत्न दिलं. मुलाला त्याच्या हयातीत नावं ठेवली. मुलगा १९५३ मध्ये गेला, बाप त्याच्यामागे आणखी नऊ वर्षं जगला. एवढं सगळं वेगळं असताना मी दोघांना एका शब्दात गुंडाळलं होतं.

त्या मुलीला मी आठ गुण दिले. आजोबा बसले. घरी येऊन आत्याला फोन केला तर ती हसायचीच थांबेना. "अगं, सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही, ते लिहायचं ना!" मुरुडहून साताऱ्यापर्यंत, कुंभार्ली घाट चढून, शंभरावर मैल पायी गेलेला पोरगा. परीक्षा घेणाऱ्यानं त्याच्याकडे बघितलं आणि वय पटेना म्हणून परत पाठवला. हे धोंडो केशवांनी स्वतःच आत्मवृत्तात लिहून ठेवलं आहे. पाय सुजलेला, परत निघालेला तो पोरगा दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही.

तेव्हापासून मला जोड्या शोधायची खोड लागली. एकाच मापाचे दोन सदरे कुठे कुठे आहेत ते बघायचं. सगळ्यात सुंदर जोडी संगीतातली. मी विष्णू. मराठी माणूस असून माझं मोठं काम उत्तरेत झालं. गाणं कागदावर उतरवता यावं म्हणून मी स्वरलिपी बसवली. गुरूच्या घरी पाणी भरल्याशिवायही गाणं शिकता यावं म्हणून शाळा काढली. कोण? भातखंडे म्हणा, पलुस्कर म्हणा, सगळं दोघांनाही लागू. शाळा एकाची लखनौला, एकाची लाहोरला. स्वरलिपीही दोघांच्या दोन, आणि चेल्यांमध्ये त्यावरून वाद. मग पाचवी खूण येते: लहानपणी फटाक्यानं माझे डोळे अधू झाले, म्हणून घरच्यांनी मला गाण्याला घातलं. इथे विष्णू नारायण गळतात आणि विष्णू दिगंबर उरतात. मिरजेला बाळकृष्णबुवांकडे पाठवलेला कुरुंदवाडचा पोरगा. दुसऱ्या विष्णूला ओळखायचं तर तो वकील होता आणि संस्कृतात ग्रंथ लिहिताना 'चतुर पंडित' असं नाव घ्यायचा. पाहा, इथेही लपवालपवी. नाटकातला तिसरा विष्णू, सांगलीचे भावे, हा खेळ बिघडवायला असतोच.

गोव्यातली जोडी बापलेकांची. दोघेही कोसंबी, दोघेही हार्वर्डला. बाप पाली ग्रंथांसाठी, मुलगा शिकायला. बाप बुद्धाच्या शोधात घर सोडून गेला. मुलगा गणिती, आणि पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला कामाला जाणारा. पण दामोदर कोसंब्यांना एका खुणेत पकडायचं तर जुनी नाणी तराजूत घाला. हजारो माणसांच्या हातांतून जाताना नाणं किती झिजतं ते वजन करून मोजलं आणि त्यावरून इतिहास वाचला, असा दुसरा मला तरी माहीत नाही.

गोव्याची आणखी एक चिठ्ठी आहे आणि ती माझ्या मते डब्यातली सर्वोत्तम. पहिली खूण: "भाजी कातर रे, भाजी!" बस, एवढीच. आत्या ती कोकणीतच वाचायची आणि आम्ही खो खो हसायचो. पणजीत मांडवीच्या काठी जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे. झगा घातलेला एक माणूस हात पसरून उभा, समोर एक बाई मागे कलंडलेली. पर्यटक त्याला भूत उतरवणारा समजतात. तो कांदोळीत १७५६ साली जन्मलेला आबे फारिया. आईवडील वेगळे झाले. पुढे वडील पाद्री आणि आई जोगीण झाली. वडील मुलाला घेऊन पोर्तुगालला गेले. लिस्बनला राणीच्या प्रार्थनाघरात तरुण फारिया प्रवचनाला उभा राहिला आणि समोरची बडी मंडळी बघून त्याची वाचा बसली. तेव्हा खालून वडील कोकणीत पुटपुटले, की ही सगळी भाजीच आहे, कातर रे भाजी! आणि पोरगा सुटला. गोव्यात ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. माणसाच्या मनावर शब्दाचा असा परिणाम कसा होतो, याचाच ध्यास त्यानं पुढे घेतला, पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले आणि झोप बाहेरून येत नाही, ती ज्याची त्याच्याच मनातून येते असं सांगितलं. फ्रेंच लेखक द्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' कादंबरीतला तुरुंगातला म्हातारा आबे त्याच्याच नावाचा. आत्याचा दुसरा नियम इथे जरा वाकला होता, हे मी तिला एकदा ऐकवलं. टरफलं नकोत आणि भाजी चालते होय? ती म्हणाली, "कोकणीत आहे ना! शंका घ्यायला मन होत नाही."

गेल्या वर्षी डबा माझ्याकडे आला. आत्या आता पंच्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, चिठ्ठ्या वाचायला डोळे साथ देत नाहीत. पुण्याला आमच्याकडेच असते. एका दुपारी सगळ्या चिठ्ठ्या मांडून बसले. एकशे त्रेचाळीस भरल्या. त्यात बायका किती, तर अठरा. आणि त्या अठरातल्या चौदा चिठ्ठ्यांवर कुठेतरी एक खूण होती: पतीचे नाव अमुक. पुरुषांच्या एकाही चिठ्ठीवर पत्नीचे नाव नव्हतं. पंडिता रमाबाईंच्या चिठ्ठीवर बिपिनबिहारी होते. केडगावची, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणणारी ती बाई, तिला ओळखायला बिपिनबिहारी कशाला लागतात?

आत्याला विचारलं. ती म्हणाली, "कोशात तसंच असायचं." मग थोड्या वेळानं, "मला तेव्हा खटकलं नाही, हे मात्र खरं."

मग आम्ही दोघींनी नव्या चिठ्ठ्या करायला घेतल्या. गोदूबाई कर्व्यांची केली: मी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी, आणि माझ्या आत्मचरित्राला मी सरळ 'पुराण' म्हटलं. सरस्वतीबाई फाळक्यांची केली. त्या अख्ख्या कंपनीचा स्वयंपाक करून रात्री फिल्मला भोकं पाडत बसायच्या. इरावतीबाईंची आधीपासून होती, पण तिच्यावर 'महर्षी कर्वे यांच्या सून' असं दुसऱ्याच जागी. ते खाली ढकललं आणि वर लिहिलं: माझा जन्म ब्रह्मदेशातला, माझं नाव तिथल्या नदीचं, आणि पुण्यात मी स्कूटर चालवायचे तेव्हा लोक वळून बघायचे.

या डिसेंबरात माझी भाची न्यू जर्सीहून आली होती. सोळा वर्षांची, मराठी समजतं सगळं, बोलताना मधेच थांबून शब्द शोधते. वीज जात नाही म्हणून आम्ही मुद्दाम दिवे मालवून बसलो. तीन-चार चिठ्ठ्या झाल्यावर ती म्हणाली, "आता मी. फोन नाही बघायचा कुणी." आणि आत्याच्या कानाशी जाऊन मोठ्यानं:

"आजी, शुक्रावर माझ्या नावाचं एक विवर आहे."

आत्या गप्प. आम्ही सगळेच गप्प.

"माझी राख ज्यांच्या जागेत पुरली आहे, त्यांचं माझं काही नातं नाही."

आत्याच्या कपाळाच्या आठ्या एकदम मोकळ्या झाल्या. "आमची आनंदी," ती म्हणाली. "नऊ गुण माझे."

आनंदीबाई जोशी. दातांच्या दवाखान्यातली ती बाई म्हणजे न्यू जर्सीतल्या रोझेलच्या मिसेस कारपेंटर. मासिकात छापलेलं पत्र गोपाळरावांचं, बायकोला अमेरिकेत शिकवायची इच्छा सांगणारं. त्यातून पत्रव्यवहार, त्यातून १८८३ चा प्रवास, त्यातून १८८६ ची फिलाडेल्फियाची डॉक्टरकी, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात मृत्यू, बावीस पुरी व्हायच्या आत. राख मिसेस कारपेंटरकडे गेली. त्यांच्या माणसांच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावी, तिच्या नावाचा दगड आहे. भाचीच्या घरापासून गाडीनं दोन तासांवर. ती गेल्या वसंतात आईबरोबर जाऊन आली होती.

"गावाचं नाव काय म्हणालीस?" आत्यानं विचारलं.

"पकिप्सी. लिहितात पुकीप्सीसारखं, पण तिथले लोक पकिप्सी म्हणतात."

आत्यानं मला आनंदीबाईंची चिठ्ठी काढायला लावली. जुन्या लग्नपत्रिकेची गुलाबी पाठ, दहाच्या दहा खुणा भरलेल्या. नवीन लिहायला जागा नव्हती. शुक्र घालायचा तर एक काढायला हवी. भिंगातून ती एकेक ओळ बघत खाली गेली आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं: पती गोपाळराव, पोस्टात कारकून. "ही खोड."

मी म्हटलं, "अगं, पण ते पत्र त्यांनीच लिहिलं होतं. ते नसते तर ती गेलीच नसती."

"लिहिलं ना. मग त्याची वेगळी चिठ्ठी कर. तिच्या चिठ्ठीत कशाला?"

भाचीनं कोरा कागद घेतला, वर 'गोपाळराव' लिहिलं आणि पेन्सिल रोखून बसली. "पहिली खूण सांग आजी."

आत्यानं थोडा विचार केला. "लिही. बायकोला मी शिकवलं. ती दहा वर्षांची होती तेव्हा लाकडाच्या तुकड्यांनी मारलंही. हे तिनं मलाच अमेरिकेतून पत्रात लिहिलं. मी कोण?"

भाचीची पेन्सिल थांबली. "हे खरंच आहे तिच्या पत्रात?"

"आहे."

"मग ही दहा गुणांची लिहू, का खाली एक गुणाची?"

आत्यानं चष्मा काढून पदरानं पुसला.

"दहाचीच लिही," म्हणाली. "कुणाला येणार नाही."